पाऊस थांबला तरी निम्मे चॅनेल बंदच: डिश, वायर की बॉक्स? सल्ला हवा (ठाणे)

वर्तकनगरची लेक । ९ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार. आई-बाबा वर्तकनगरला जुन्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी ऐरोलीला. बाबा ८१ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे जिना उतरणं जवळजवळ थांबलंय, त्यामुळे त्यांचा दिवस टीव्हीवर बेतलेला असतो. सकाळी अभंग, दुपारी कुठे जुना कसोटी सामना दाखवत असतील तर तो, संध्याकाळी सह्याद्रीवरच्या बातम्या. चॅनेलचे आकडे त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलेत.

डिश गच्चीवर आहे, बसवून नऊ वर्षं झाली. तिथून वायर पाण्याच्या टाकीजवळून खाली येते, बाल्कनीच्या ग्रिलपाशी एक जोड आहे आणि पुढे हॉलमध्ये बॉक्सला जाते. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसापासून त्रास सुरू झाला. आधी पाऊस जोरात आला की चित्राचे चौकोन व्हायचे, थांबला की ठीक. आता गेले आठ दिवस ऊन पडलेलं असलं तरी काही चॅनेल स्वच्छ दिसतात आणि काहींवर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. विशेष म्हणजे जातात ते ठरलेलेच. दुपारी कडक ऊन पडलं तर दोन-तीन तास सगळे येतात, संध्याकाळी पुन्हा तेच गायब. बातम्या नेमक्या त्या गायब होणाऱ्यांतच.

कंपनीचा माणूस आला, बॉक्स बंद-चालू केला आणि म्हणाला बॉक्स जुना झालाय, नवा घ्या, २,२०० रुपये. पाऊस असल्यामुळे तो गच्चीवर गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या दुकानातून एक मुलगा बोलावला, तो म्हणाला एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा भाग, गेला. भाऊ म्हणतो हे सगळं काढून टाक आणि इंटरनेटवर चालणारा टीव्ही घे. पण बाबांना नवा रिमोट आणि नवी मांडणी शिकवणं म्हणजे त्यांच्या हातातली एक गोष्ट काढून घेण्यासारखं आहे, ते मला करायचं नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझं भांडण कोणाशी नाही. फक्त नेमकं बिघडलंय काय हे कळल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत. कुठून सुरुवात करू? आणि ठाण्यात असं काम नीट बघून करणारा माणूस कसा ओळखायचा?

खारेगावकर । ९ जुलै, रात्री ११.०५

बॉक्सबद्दल शंका असेल तर एक पैसाही न खर्चता खात्री करता येते. इमारतीत त्याच कंपनीची डिश असलेला शेजारी शोधा. तुमचा बॉक्स, त्याचा अॅडॉप्टर आणि कार्ड तसंच घेऊन त्यांच्याकडे जा, त्यांची डिशची वायर तुमच्या बॉक्सला लावा आणि जाणारे चॅनेल लावून बघा. बॉक्स आणि कार्डाची जोडी असते, डिश कोणाची याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. तिथे सगळे चॅनेल आले तर बॉक्स धडधाकट आहे. फक्त वायर काढता-लावताना दोन्ही बॉक्सचे प्लग बोर्डातून काढून ठेवा.

वर्तकनगरची लेक । १० जुलै, सकाळी ८.१५

हे सुचलंच नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे तीच कंपनी आहे. संध्याकाळी जाते आणि कळवते.

डिशवाला काका । १० जुलै, दुपारी १.२०

ताई, निम्मं निदान तुम्हीच लिहिलंय. मी २००७ पासून ठाणे, कळवा, मुंब्रा या पट्ट्यात डिश बसवतोय. आधी कंपनीच्या कंत्राटावर होतो, आता स्वतंत्र करतो. जरा लांबण लागेल, पण एकदा नीट समजून घ्या.

पाऊस पडत असताना चित्र जाणं आणि पाऊस गेल्यावरही न येणं ही दोन निरनिराळी दुखणी आहेत. घरच्या डिशला येणारा सिग्नल केयू बँडचा, म्हणजे ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या आसपासचा असतो. त्याच्या लहरीची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. दाट पावसात थेंब तो शोषतात, विखुरतात. मोठी सर आली की पाच-दहा मिनिटं चित्र जाणारच, मग कंपनी कुठलीही असो. सर ओसरली की आपोआप येतं. जूनमध्ये तुमचं जे होत होतं ते बरंचसं हेच.

आता जे होतंय ते दुसरं. ऊन पडूनही येत नाही म्हणजे पाणी वायरीत किंवा जोडात शिरलंय. उन्हानं वाळलं की चॅनेल येतात, संध्याकाळी हवा दमट झाली की जातात. पावसाळ्यात मी बघितलेल्या दहा तक्रारींतल्या सहा-सात तरी अशाच निघतात, आणि खाडीच्या बाजूला, कोपरी, कळवा, खारेगावकडे त्याहून जास्त, कारण खारी हवा पितळ आणि तांबं खाते.

मग ठरलेलेच चॅनेल का जातात? डिशच्या तोंडाशी जो एलएनबी असतो त्याला वीज त्याच वायरीतून बॉक्सकडून जाते. सिग्नल खाली येतो, वीज वर जाते. उपग्रहाचे निम्मे चॅनेल उभ्या थरथरणाऱ्या लहरींवर आणि निम्मे आडव्यांवर येतात, यालाच ध्रुवण म्हणतात. उभ्या ध्रुवणाचे चॅनेल हवे असले की बॉक्स १३ व्होल्ट पाठवतो, आडव्याचे हवे असले की १८. एलएनबी तेवढ्यावरून समजतो की आता कुठले द्यायचे. जोडाला गंज धरला की वाटेत व्होल्ट गळतात. बॉक्सनं १८ सोडले तरी वर १४ पोचतात, एलएनबीला वाटतं १३चाच निरोप आलाय आणि तो उभ्यावरच राहतो. मग उभ्यावरचे सगळे चॅनेल झकास आणि आडव्यावरचे सगळे बंद. म्हणून ठरावीक गटच्या गट जातो. एलएनबी खरोखर मेला असता तर बहुतेक वेळा सगळंच गेलं असतं.

आता घरात बसून काय बघायचं. रिमोटवरून मेनूत जाऊन सेटिंग किंवा सिस्टिममध्ये सिग्नल दाखवणारं पान काढा. दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. लोक स्ट्रेंथ बघून खूश होतात. ती म्हणजे वायरीतून एकूण किती जोर येतोय एवढंच, त्यात गोंगाटही आला. चित्र ठरतं क्वालिटीवर. स्ट्रेंथ आहे आणि क्वालिटी सगळीकडे शून्य असेल तर डिश हललेली असते किंवा समोर काहीतरी आडवं आलेलं असतं. दोन्ही शून्य असतील तर वायर तुटली, शॉर्ट झाली किंवा एलएनबी गेला. काही फ्रिक्वेन्सीवर क्वालिटी छान आणि काहींवर शून्य असेल तर मी वर सांगितलं तेच. येणारा आणि जाणारा अशा दोन्ही चॅनेलवरचे आकडे इथे टाका.

आणि बाबांना स्टुलावर चढून ग्रिलबाहेर हात घालू देऊ नका. आईंनाही नाही, तुम्हीही नाही. ओल्या गच्चीवर कठड्याशी वाकून डिश बघायला जाणं तर अजिबातच नको. विजा चमकायला लागण्याआधीच प्लगही काढायचा आणि बॉक्समागची डिशची वायरही.

माजिवड्याचा अभि । १० जुलै, दुपारी ३.०२

काकांशी सहमत. माझा अनुभव थोडा निराळा, पण उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आमचा बॉक्स मध्येच बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा, कधी कधी लाल दिव्यावरच अडकायचा. बॉक्स बदलायला सांगितलं आणि आम्ही बदललाही. नव्या बॉक्सबरोबर नवा अॅडॉप्टर आला म्हणून तो चालला. पुढे जुना बॉक्स शेजाऱ्यांच्या १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर लावून बघितला तर तोही व्यवस्थित. बिघडला होता फक्त अॅडॉप्टर. बदली अॅडॉप्टर घेताना जुन्यावर छापलेले व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचा घेर तोच.

शिवाय ‘सिग्नल नाही’ ही पाटी नक्की कोण दाखवतंय ते बघा. टीव्ही स्वतः दाखवत असेल, म्हणजे बॉक्सचा मेनूही उघडत नसेल, तर डिशचा काही संबंध नाही. एचडीएमआयची वायर सैल असेल किंवा टीव्हीचा सोर्स बदलला असेल. घरात लहान मूल रिमोटशी खेळलं की आमच्याकडे हे हमखास होतं. तुमच्याकडे काही चॅनेल येतायत त्यामुळे हे कारण नाही, पण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागू पडेल.

नेरुळकर । १० जुलै, दुपारी ४.४५

याच धाग्यात विचारतो, चालेल का? आमच्या बाल्कनीसमोर नवी इमारत वर येतेय, आता आमच्यापेक्षा दहा-बारा मजले उंच गेली. महिनाभरापासून क्वालिटी शून्य. डिश बघायला गेलं तर तिचं तोंड इमारतीच्या बरंच खाली, जवळजवळ समोर आडवं दिसतं, मग इमारतीचा अडथळा होतोय की नाही हेच कळत नाही. डिश गच्चीवर न्यायची तर सोसायटीची परवानगी, तीस-पस्तीस मीटर वायर, मोठा खटाटोप आहे.

डिशवाला काका । १० जुलै, सायंकाळी ६.१०

नेरुळकर, डिशचं तोंड दिसतं तिथे ती बघत नसते. घरची डिश ऑफसेट असते, एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूच्या दांड्यावर असतो. त्यामुळे ती जितकी वर बघत्येय असं वाटतं त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश आणखी वर बघत असते. ताटली जवळजवळ उभी दिसली तरी नजर आभाळात असते.

आपल्याकडून सगळे डीटीएच उपग्रह आग्नेयेच्या बाजूला येतात, कारण ते विषुववृत्तावर आणि आपल्या पूर्वेला आहेत. टाटा प्लेचा ८३ अंश पूर्वेला, डी२एचचा ८८, डीडी फ्री डिशचा ९३.५, डिश टीव्हीचा ९५ आणि एअरटेलचा १०८.२. ठाणे-नवी मुंबईतून ८३ वाला दक्षिणेपासून थोडा पूर्वेला आणि क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर, म्हणजे चांगलाच डोक्यावर आहे. १०८.२ वाला जास्त पूर्वेला सरकतो आणि ४४ अंशांवर उतरतो. ९३.५ आणि ९५ वाले मध्ये, ५६-५७ अंशांवर. होकायंत्र मोबाइलमध्ये असतंच: ८३ साठी उत्तरेपासून १५२ अंश, ९३.५ साठी १३१, १०८.२ साठी ११५. बाल्कनीत होकायंत्र बघताना ग्रिलपासून लांब उभे राहा, लोखंडानं सुई फिरते.

याचा तुम्हाला थेट उपयोग असा. त्या दिशेची इमारत तुमच्या डिशपेक्षा ३० मीटर उंच असेल, तर १०८.२ वाल्या डिशला ती ३० मीटरपेक्षा जवळ असली की आड येते. ८३ वाल्या डिशला तीच इमारत साधारण १४ मीटरच्या आत आली तरच आड येईल. म्हणून एकाच मजल्यावर एकाचा टीव्ही चालतो आणि शेजारच्याचा बंद पडतो. तुमची कंपनी कुठली ते बघा, दोन इमारतींमधलं अंतर पावलांनी मोजा, उत्तर मिळेल. इमारत खरंच आड असेल तर बाल्कनीत कितीही हलवाहलव केली तरी फुकट. त्यापेक्षा गच्चीच बरी. चांगल्या तांब्याच्या आरजी-६ वायरीला (डिशसाठी वापरतात ती जाड गोल वायर) पस्तीस मीटर जड नाहीत.

एक खूण लक्षात ठेवा. मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. आपल्याकडे उपग्रहाप्रमाणे सकाळी १० ते १२ च्या दरम्यान कधीतरी. त्या काही मिनिटांत सूर्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो आणि चित्र जातं. लोक घाबरून फोन करतात, पण तो दोष नाही. उलट तीच वेळ साधून डिश बघायची. चित्र जातं तेव्हा ताटलीवर पूर्ण ऊन असेल आणि उजेडाचा कवडसा एलएनबीच्या तोंडावर पडलेला असेल, तर उपग्रह आणि डिश यांच्यात काहीही आड नाही. ताटली सावलीत असेल तर आड काय आलंय ते डोळ्यांनाच दिसतं. मी गिऱ्हाइकांना हे हाताला धरून दाखवतो.

वर्तकनगरची लेक । १० जुलै, रात्री ९.३०

बॉक्स काकूंकडे लावून बघितला. सगळे चॅनेल आले. सह्याद्रीसुद्धा! मग घरी येऊन आकडे बघितले. दिसणाऱ्या चॅनेलवर स्ट्रेंथ ८२, क्वालिटी ६८. जाणाऱ्यांवर स्ट्रेंथ ७९, क्वालिटी ०. चार-पाच चॅनेलवर बघितलं, सगळीकडे असंच. काकूंच्या डिशवर क्वालिटी ८५ होती.

२,२०० रुपये वाचले असं समजू का?

डिशवाला काका । १० जुलै, रात्री ९.५२

वाचले. बॉक्स, अॅडॉप्टर दोन्ही ठीक. डिशही हललेली नाही, नाहीतर ६८ मिळाले नसते. साठ सेंटीमीटरची ताटली दीड-दोन अंश हलली तरी सगळंच जातं. राहिली वायर, जोड आणि शेवटी एलएनबी. तपासायचं ते याच क्रमानं. ग्रिलपाशी जोड आहे म्हणालात तो आधी.

माणूस कसा ओळखायचा विचारलंत. घरात शिरताच ‘बॉक्स बदला’ किंवा ‘एलएनबी बदला’ म्हणणारा नको. जो आधी मेनूतले आकडे बघतो, मग दोन्ही टोकांचे कनेक्टर उघडून बघतो आणि डिशपाशी जाताना मीटर घेऊन जातो तो बोलवा. बरोबर साधं मल्टिमीटर असलं तरी पुरतं. बॉक्स चालू ठेवून डिशच्या टोकाला वायरीच्या पिनवर आणि बाहेरच्या पितळी अंगावर मीटर लावायचा. खाली कोणीतरी चॅनेल बदलायचे. १३ आणि १८ दोन्ही दिसले तर वायर बहुतेक ठीक, मग संशय एलएनबीवर. १८ ऐवजी १४-१५ दिसले तर वायर किंवा जोड. नंतर बॉक्सचा प्लग काढून, वायर दोन्ही टोकांना सोडून, मधली पिन आणि बाहेरची तारेची जाळी यांच्यातला रोध बघायचा. मीटरनं काहीही दाखवता कामा नये. थोडा जरी आकडा आला तर आत पाणी आहे.

कोपरीची माई । ११ जुलै, सकाळी ७.४०

माझं सुचवणं निराळं आहे. आई-बाबांना बातम्या, अभंग, जुने कार्यक्रम एवढंच लागत असेल तर डीडी फ्री डिश का नाही? प्रसार भारतीची सेवा, २००४ पासून आहे, महिन्याचं भाडं काहीच नाही. सह्याद्री त्यात आहेच. आमच्याकडे चार वर्षं आहे आणि यजमानांचं त्यावर छान चाललंय.

दोन गोष्टी मात्र आधी सांगते. जुना एमपीईजी-२ चा (चित्र पाठवायच्या जुन्या पद्धतीचा) बॉक्स कोणी फुकट देत असेल तर घेऊ नका, त्यावर एमपीईजी-४ या नव्या पद्धतीतले चॅनेल दिसत नाहीत. आणि तिकडे चॅनेलची जागा बदलते, तेव्हा अधूनमधून ऑटो स्कॅन करावा लागतो, म्हणजे बॉक्सला सगळे चॅनेल नव्यानं शोधायला लावायचं. स्कॅन केला की क्रमांक मागेपुढे होतात. बाबांनी पाठ केलेले आकडे बदलतील हे लक्षात घ्या.

वर्तकनगरची लेक । ११ जुलै, सकाळी ९.००

माई, मनापासून धन्यवाद. मलाही ते आवडलं होतं, पण क्रमांक बदलतात म्हटल्यावर सध्या नको. बाबांना रिमोटकडे न बघताही आकडे दाबता येतात, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तर तेच सोयीचं पडतं.

डिशवाला काका । ११ जुलै, दुपारी १२.१५

माईंचं बरोबर आहे. आमच्या कामातही मी साध्या गरजेच्या लोकांना फ्री डिश सुचवतो. पण जुन्याच ताटलीवर करायची असेल तर ती नव्या दिशेला वळवावी लागते, आणि एलएनबीसुद्धा आपल्या पट्ट्यात थोडा फिरवावा लागतो. तो सरळ बसवून चालत नाही. उपग्रह जितका आपल्या पूर्वेला तितका तिरपा. क्वालिटीची पट्टी बघत हळूहळू फिरवून जास्तीत जास्त आकडा येईल तिथे आवळायचा. घाईत हे राहिलं की पहिल्या पावसात चित्र जातं आणि दोष फ्री डिशला लागतो.

कासारवडवलीचा राजू । ११ जुलै, दुपारी २.३०

मला दुसऱ्या खोलीत आणखी एक बॉक्स लावायचाय. एकाच वायरीला स्प्लिटर टाकून दोन्ही चालतील का?

डिशवाला काका । ११ जुलै, दुपारी २.५०

नाही चालणार. एक बॉक्स १३ मागेल, दुसरा १८, आणि एलएनबीला एकाच वेळी एकाचंच ऐकता येतं. एकाचं चित्र येईल तेव्हा दुसऱ्याचं जाईल. दोन आउटपुटचा ट्विन एलएनबी बसवा आणि प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर ओढा.

वर्तकनगरची लेक । १३ जुलै, रात्री १०.१०

सापडलं!

खारेगावकरांनी निरोपातून एका माणसाचा पत्ता दिला होता, तो आज सकाळी आला. पन्नाशीचा, पाठीवर पिशवी, पिशवीत मीटर. आल्या आल्या मेनूतले आकडे बघितले आणि म्हणाला, “जोड कुठे आहे?” मी बाल्कनीत नेलं. ग्रिलच्या कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीचा एक गोळा होता, नऊ वर्षांपूर्वी गुंडाळलेला. वरून कोरडा. त्यानं ब्लेडनं चिरला तर आत ओल, आणि दोन थेंब खाली माझ्या चपलेवर पडले. चिकटपट्टीनं पाणी बाहेर ठेवलं नव्हतं, आत धरून ठेवलं होतं.

आतला कनेक्टर उघडल्यावर त्यानं बाबांना खुर्चीत नेऊन दाखवला. मधली तांब्याची तार काळी पडून टोकाला हिरवी झालेली, आणि बाहेरच्या जाळीचे केसांसारखे दोन-तीन तंतू वाकून तिला जवळजवळ टेकलेले. बाबा बराच वेळ तो चष्म्याजवळ धरून बघत होते. ते आयुष्यभर वागळे इस्टेटला कारखान्यात फिटर होते. म्हणाले, “हा कनेक्टर पिळून बसवलाय, दाबून नाही.” तो माणूस चकित झाला, म्हणाला, “बरोबर, आजोबा.” मग दोघं अर्धा तास बोलत होते. बाबांना इतकं बोलताना मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

त्यानं आधी फक्त तो जोड कापून नवा केला. जाणारे चॅनेल लगेच आले, क्वालिटी ७१. पण म्हणाला की पाणी वायरीत कुठवर चढलंय ते कळत नाही, जाळी पाणी शोषून घेते, काही महिन्यांत पुन्हा जाईल. म्हणून पूर्ण वायर बदलली, गच्चीपासून हॉलपर्यंत एकसंध, मध्ये एकही जोड नाही. वर गेला तेव्हा एलएनबीच्या दांड्यावर कबुतरांची घाण साठलेली होती ती धुतली आणि ब्रॅकेटचे सैल झालेले दोन नट आवळले. आता क्वालिटी ८४ आहे, दोन्ही प्रकारच्या चॅनेलवर. एलएनबी जुनाच ठेवला. सगळे मिळून ९०० रुपये घेतले, त्यात वायर आली.

काका, तुम्ही घरात बसून जे लिहिलंत ते जसंच्या तसं निघालं. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

डिशवाला काका । १३ जुलै, रात्री १०.३५

ताई, छान झालं. बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी कनेक्टर बघून जे ओळखलं ते नवीन पोरांना दोन वर्षांत शिकवता येत नाही.

दोन गोष्टी बघून घ्या. वायर खिडकीतून आत शिरते तिथे बाहेरच्या बाजूला तिला इंग्रजी यू सारखा खाली लोंबता वळसा ठेवलाय ना? पाणी वायरीवरून ओघळत येतं, वळशाच्या तळाशी थेंब होऊन पडतं आणि आत येत नाही. एलएनबीपाशीही तसाच वळसा हवा. आणि वरच्या कनेक्टरवर रबरी टोपी किंवा स्वतःला चिकटणारी रबराची पट्टी हवी, साधी काळी चिकटपट्टी नको. ती उन्हात सुटते आणि मग तुम्ही बघितलंत तेच होतं.

नेरुळकर । १४ जुलै, सकाळी ८.५०

काका, अंतर मोजलं. आमची डिश १०८.२ वाली, इमारत साधारण २२ मीटरवर आणि आमच्यापेक्षा ३० मीटरपेक्षा जास्त उंच. होकायंत्रावर ११५ ला बरोबर तीच येते. म्हणजे बाल्कनीत काही उपाय नाही. सोसायटीला गच्चीसाठी अर्ज आजच देतोय. वायर लॅमिंग्टन रोडवरून आणू की इथेच घेऊ? आणि घेताना बघायचं काय?

डिशवाला काका । १४ जुलै, दुपारी १.०५

दोन्हीकडे चांगली मिळते आणि दोन्हीकडे हलकीही. दुकानात टोक सोलून दाखवायला सांगा. मधली तार चाकूनं खरवडली की आतपर्यंत तांबडी दिसली पाहिजे. वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं लोखंड असेल तर एवढ्या लांबीला घेऊ नका, व्होल्ट वाटेतच गळतील. जाळी दाट असावी, बोटानं सारली तर खालचा पन्ना सहज उघडा पडता कामा नये. बाहेरचं आवरण गच्चीसाठी काळंच घ्या, पांढरं उन्हात लवकर तडकतं. कनेक्टर कॉम्प्रेशनचे मागा, आणि ते दाबायचं हत्यार बसवणाऱ्याकडे आहे का ते आधी विचारून घ्या.

वर्तकनगरची लेक । १४ जुलै, रात्री ८.२०

काका, वळसा आहे, खिडकीपाशी आणि वरही. टोपी नव्हती, तो माणूस उद्या येऊन बसवून जाणार आहे, पैसे नको म्हणाला. आज साडेपाचला ठाण्यात मोठी सर आली तेव्हा क्वालिटी ५५ पर्यंत उतरली, पण चित्र गेलं नाही. पाऊस थांबल्यावर दहा मिनिटांत पुन्हा ८४. बाबांनी कॅलेंडरच्या मागे चॅनेलच्या आकड्यांखाली लिहिलंय: “उन्हात ८४, पावसात ५५. याखाली गेल्यास वायर बघणे.”